थंड हवेच्या ठिकाणी कूलर

आमचे नाना भूगोलाचे मास्तर. निवृत्तीला वीस वर्षं झाली, तरी घरात ते अजून ‘ती खिडकी लाव’ म्हणत नाहीत, ‘वायव्येची खिडकी लाव’ म्हणतात. मे महिन्यात यावलला पारा ४४वर गेला. सुट्टीसाठी नाशिक-पुण्याहून सगळी पोरंसोरं येऊन उतरली आणि गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारच्या आत कडकडीत वाळायला लागल्या. तेव्हा नानांनी जाहीर केलं, “पालला जाऊ. थंड हवेचं ठिकाण आहे.”

पाल सातपुड्यात. १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य बघायला लोक तिथेच जातात. म्हणजे नाव आमच्या गावाचं आणि चहा-भज्यांचा धंदा रावेर तालुक्याचा! हे शल्य यावलकर सहसा पाहुण्यांपुढे बोलून दाखवत नाहीत. पालच्या अलीकडे एका ओळखीच्या गृहस्थांचं शेतातलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर दोन रात्रींसाठी मिळालं. माणसं सतरा, त्यांत पोरं सात.

निघायच्या सकाळी बाहेर येऊन बघतो तर धाकटा विजू क्रूझरच्या कॅरिअरवर कूलर बांधतोय.

“हे काय?” नाना.

“कूलर.”

“थंड हवेच्या ठिकाणी?”

“थंडी वाजली तं बंद ठेवू ना, नाना.”

नाना काही बोलले नाहीत. आत गेले आणि आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, गादीएवढी जाड गोधडी काखोटीला मारून बाहेर आले. चव्वेचाळीस अंशांत ती गोधडी नुसती बघूनच माझ्या मोठ्या वहिनीला घाम फुटला. पोरं तर हसून हसून पायरीवर बसली.

एवढ्यात आईनं फर्मान काढलं, “मनुदेवीले नारळ फोडल्याबिगर डोंगरात पाय ठेवाचा नही.” मनुदेवी आडगावच्या पुढे, चोपड्याच्या बाजूला. पाल बरोबर उलट. ईशान्येला जाण्यासाठी आधी वायव्येला कसं जायचं, हे नानांनी हवेत बोट फिरवून समजावलं, पण आईपुढे दिशांचं काही चालत नाही. मनुदेवीचा धबधबा मे महिन्यात म्हणजे काळा कातळ. पोरांनी त्याच्यापुढेही फोटो काढून घेतले.

तिथून मागे फिरून पुन्हा यावल. घरावरून जाताना धाकट्या वहिनीनं उतरून गॅस बंद आहे ना ते बघून घेतलं. मग फैजपूर. बसस्टँडजवळ कूलर कॅरिअरवर कलंडला. विजू दोर आवळत असताना नानांनी पोरांना सावलीत उभं करून १९३६चं फैजपूर अधिवेशन सुरू केलं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, गांधीजी स्वतः हजर, मांडवाची सजावट नंदलाल बोसांची, आणि तीसुद्धा बांबूंसारख्या गावातल्याच साध्या सामानाची. नेहरू व्यासपीठाकडे निघाले आणि रस्त्यावरून एकानं ओरडून विचारलं, “कोनाचं आंदण चाललं भो?” नंतर खिरोद्यापर्यंत विजू कोणाशी बोलला नाही.

खिरोद्यानंतर केळी मागे पडतात आणि रस्ता डोंगरात शिरतो. मे महिन्यातला सातपुडा म्हणजे सगळा साग उघडा. जंगलाची फक्त काडं उरलेली. नाना मात्र खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, “बघा! फरक जाणवतोय.” बाहेरून तव्यासारखी झळ येत होती.

“दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी तापमान उतरतं,” नाना म्हणाले.

सातवीतल्या पुतणीनं विचारलं, “मग पाल किती मीटरवर आहे?”

“पाणी दे गं जरा,” नाना म्हणाले.

मग त्यांनी बाजू बदलली. जवळच गारबर्डी धरण आहे. लोकांनी उगाच का नावात ‘गार’ घातलं असेल? विजूनं पहिल्यांदा तोंड उघडलं, “आन् ते ज्या नदीवर बांधलं तिचं नाव सुकी हे, नाना.”

मुक्कामाला पोचल्याबरोबर कूलर लावला. व्होल्टेज असं की पात्यांतली धूळसुद्धा हलेना. एकेक पातं मोजता यायचं. संध्याकाळपर्यंत पोरांनी ती पेटी उघडून खालची टाकी सुटी केली, विहिरीवरनं पाणी आणून भरली आणि पाळीपाळीनं त्यात बसायला सुरुवात केली. वेळ लावून. प्रत्येकाला पाच मिनिटं, बारक्याला सात. शेताच्या राखणदारानं, एका पावरा बाबानं, त्यांना टेंभरं आणून दिली. पिवळी, चिकट, खारकेसारखी गोड. पोरांनी बिया त्याच टाकीत थुंकल्या. वाघ बघायला म्हणून आणलेली पोरं वाघाला साफ विसरली.

रात्री गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या. बट्टी फोडून त्यात तूप, वर तुरीचं वरण, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. वरण-बट्टी खाल्लेल्या माणसाला पत्र्याखाली झोपायला सांगणं हा गुन्हा आहे. सगळे अंगणात आलो. खानदेशी रिवाजाप्रमाणे चादरी पाण्यात बुडवून, पिळून अंगावर घेतल्या. राखणदार जाता जाता म्हणाला, “एक कोरडं पांघरूण ठेवा.” आम्ही मान डोलावली आणि उरलेली उशीची खोळही भिजवली.

पहाटे साडेतीनला डोंगरावरून वारा सुटला.

ओली चादर आणि वारा यांचं शास्त्र मी भूगोलात शिकलो होतो, अंगावर तेव्हा आलं. आधी बारकी उठली आणि नानांच्या गोधडीत शिरली. मग दुसरा. मग माझी दोन. मग वहिनी ‘पोरांना बघते’ म्हणून गेली ती परत आली नाही. एका गोधडीखाली नऊ माणसं मोजली मी, दातांवर दात आपटत. शेवटी विजू तिची कड उचलून हळूच म्हणाला, “सरका जरा, मलेबी.” तो आत गेला आणि पलीकडच्या कडेनं नाना बाहेर पडले.

उजाडलं तेव्हा नाना धोतर अंगाभोवती गुंडाळून चुलीपाशी उकिडवे बसले होते. ओठ निळे, हात थरथरत, चेहऱ्यावर असं समाधान की आई घाबरली. “सां-सांगत नव्हतो?” ते म्हणाले.

दुसरी रात्र आम्ही कोरडीच काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी यावलला परतलो. पाय भाजत होते. विजूनं कूलर उतरवला, टाकी बसवली, लावला. पहिल्या वाऱ्याबरोबर टेंभरांचा वास आणि दोन बिया उडून बाहेर आल्या. मी खुर्ची आणायला वळलो, तोवर कूलरपुढे खुर्ची लागलेली होती आणि तीत नाना बसले होते, सदऱ्याची वरची दोन बटणं सोडून.

विजू नुसता बघत राहिला.

“बघतोस काय,” नाना म्हणाले, “यावल काही थंड हवेचं ठिकाण नाही.”