दाजींचे रंगीत गळ

मिनेसोटाच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. खरं तर दहा एकरांहून मोठी तळीच 11,842 भरतात, आणि त्यांतल्या एकाही माशाला आमच्या दाजींपासून धोका नाही.

दाजी मूळचे सांगलीचे. पोरवयात कृष्णेच्या घाटावर बिनरंगी गळाला गांडूळ लावून मासे काढणारा हा माणूस अमेरिकेत कॉम्प्युटरची नोकरी करून निवृत्त झाला आणि आता गॅरेजमध्ये बसून गळ रंगवतो. मासे? 'जाऊ की एकदा,' म्हणतात.

हे गळ म्हणजे 'जिग', आकड्याच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेले. रंगवायला ब्रश लागत नाही. चिमट्यात धरून हीट गनपुढे गोळी तापवायची, कोरड्या पावडरीत क्षणभर बुडवायची, की पावडर वितळून चकचकीत चिकटते. कमी तापली तर धरत नाही, जास्त तापली तर फोड येतात. मग ओव्हनमध्ये टांगून 350 फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाजायची. 'शिसं वितळून ओव्हनभर झालं म्हणजे?' या ताईच्या प्रश्नावर दाजींनी तिला कागदावर गणित करून दिलं: शिसं वितळायला 327 सेल्सिअस लागतं, हे जेमतेम 177. ताईने कागद वाचला आणि दाजींचा ओव्हन गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. वर चिठ्ठी डकवली: 'यात पाव भाजू नये.' हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. शिशाच्या बाबतीत ताईचंच बरोबर आहे, हे मी दाजींसमोर बोलत नाही.

पावडरीच्या डब्याच्या तळाशी त्यांनी कॉफीचा फिल्टर बसवलाय आणि खालून माशांच्या टाकीचा पंप जोडलाय. हवा सुटली की पावडर फुगून पाण्यासारखी डुचमळते, गळाला सारखा थर बसतो. घरात माशांची टाकी नाही. पंप तेवढा आहे.

त्यांचा खरा जीव अडकतो तो नेढ्यात. दोरी ओवायचं नेढं रंगाने बुजतं. भट्टीत घालण्याआधी दाजी चष्मा कपाळावर सारतात, तापवलेली सुई आरपार घालतात आणि गळ उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात. नेढ्यातून पलीकडे मी दिसलो तर गळ पास. कधी कधी मला तासभर हलू देत नाहीत.

दिवाळीत भाचीने ही पावडर घेऊन दारात रांगोळी काढली. महागाच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. दाजी रांगोळीभोवती एक फेरी मारून म्हणाले, 'छान आलीय. पण भाजलेली नाही, पाय लावू नका.'

इथला लाडका मासा वॉलआय, 1965 पासून राज्याचा अधिकृत मासा. अंधुक पाण्यातही त्याला चांगलं दिसतं, पण त्याच्या डोळ्यात रंगपेशी दोनच तऱ्हेच्या: एक हिरव्याकडे झुकणारी, एक नारिंगी-तांबड्याकडे. हे मला दाजींनीच सांगितलं. फळीवर मात्र जांभळ्या, निळ्या, मोरपंखी बाटल्यांची रांग.

'मग हा जांभळा कोणासाठी, दाजी?'

'अरे, मला दिसतो ना!'

मे महिन्यात हंगाम उघडला तेव्हा शेजाऱ्याने आग्रहाने आम्हाला होडीत घेतलं. दाजींनी डबा उघडला, मखमलीवर मांडलेले गळ बघून शेजारी शिट्टी वाजवून मोकळा झाला. पण पाण्यात टाकायचा कोणता? हा नको, याला पांढरे डोळे काढलेत. तो नको, तळाशी खडक आहेत. अर्ध्या तासाने मीच एक पोपटी गळ दोरीला बांधला, तेव्हा दाजी दुसरीकडे बघत होते.

आणि चक्क मासा लागला! चांगला हातभर वॉलआय. मी आरडाओरडा केला, शेजारी जाळी घेऊन धावला, होडी कलंडायची बाकी राहिली. दाजींनी पक्कडीने गळ सोडवला तसा मासा शेपटी आपटून पाण्यात पसार झाला. शेजारी कपाळाला हात लावून बसला. दाजी खिशातलं भिंग काढून गळ फिरवून फिरवून बघत होते.

'गेला, दाजी!' मी म्हणालो.

'कुठे गेलाय? एक टवका उडालेला नाही.'