टीडीएसकाका

नागपूरच्या दक्षिणेला, बेसा-बेलतरोडीच्या अंगाला, जिथे घरं आधी आली आणि नळ मागाहून, तिथल्या प्रत्येक लेआउटमध्ये एक तरी टीडीएसकाका असतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरा हाफ शर्ट आणि खिशात पेनासारखंच दिसणारं टीडीएस मीटर. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की समोर आलेलं पाणी ते आधी मीटरला पाजतात. "काय पाणी आहे राजेहो!" म्हणत ग्लास खाली ठेवतात. यजमानीणबाई ओशाळून आत जातात आणि त्याच पाण्याचा चहा करून आणतात. तो मात्र काका बशीत ओतून आनंदानं पितात.

काकांच्या मते जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ जड पाण्यात आहे. केस गळतात, शॉवरची भोकं बुजतात, गिझरची कॉइल जाते, स्टीलच्या नळावर पांढरे डाग पडतात. शेजारचा मुलगा एमपीएससीत तिसऱ्यांदा राहिला, तेव्हाही काकांनी आधी त्यांच्या टाकीत डोकावून पाहिलं.

तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. नागपूर दोन खडकांवर बसलेलं आहे: पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकांच्या फटींत उतरतं आणि मुरता मुरता कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. तेच जड पाणी बोअरमधून वर येतं. नवेगाव खैरीहून गोरेवाड्याला येऊन शुद्ध होणारं पेंचचं पाणी धरणातलं. त्याला खडकाचा एवढा सहवास घडत नाही. त्यामुळे धरमपेठेत राहणारी काकांची मेहुणी, घरात पेंचचा नळ आहे एवढ्या एका कारणानं, खानदानात श्रीमंत गणली जाते.

काकू तिच्याकडून दर आठवड्याला एक कॅन भरून आणतात, ॲक्टिव्हावर पायाशी ठेवून. ते पाणी पिण्यासाठी नसतं, वरणासाठी असतं. तुरीच्या डाळीतल्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि कॅल्शियम ती पकड आणखी घट्ट करतं. मग कुकरच्या शिट्ट्या मोजून दमायला होतं, तरी डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे. कॅन संपला की काकू चिमूटभर खायचा सोडा टाकतात. हे त्यांना आईनं शिकवलं. पेक्टिनचं नाव दोघींनीही ऐकलेलं नव्हतं. कपड्यांचंही तसंच. साबणाची वडी घासूनही फेस येईना आणि बादलीत नुसताच पांढरा साका तरंगायला लागला, की पाणी जड. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या प्राध्यापकांनी फेस टिकेपर्यंत साबणाचं द्रावण किती लागतं यावरूनच जडपणा मोजायची रीत बसवली होती. काकूंचं आणि त्यांचं जमलं असतं.

काकांचं जमलं नसतं, कारण काकांची श्रद्धा आकड्यावर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. अडचण एवढीच, की त्यांचं मीटर जडपणा मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतं आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज बांधतं. त्या क्षारांची मर्यादा वेगळी, ५०० आणि २०००. एकदा काकूंनी पेंचच्या पाण्यात गुपचूप चिमूटभर मीठ टाकून ग्लास पुढे केला. काकांनी मीटर बुडवलं आणि किंचाळले, "अरे बाप्पा, हे तर आपल्या बोअरपेक्षा जड!" त्याच पाण्यात साबणाचा फेस बऱ्यापैकी आला असता.

नीरी, म्हणजे देशाची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून नागपुरातच आहे. तिच्यासमोरून जाताना काका गाडी हळू करतात, जुन्या सहकाऱ्याच्या घरावरून जावं तशी.

त्यांचा खरा हंगाम होळीनंतरचा. माळ्यावरचे कूलर उतरतात, खसच्या नव्या ताट्या लागतात, आणि काका रोज सकाळी कूलरच्या टाकीत मीटर बुडवतात. आकडा दिवसेंदिवस चढत जातो. मागच्या उन्हाळ्यात यावरून त्यांनी टँकरवाल्याशी भांडण काढलं. तो बिचारा निर्दोष होता. कूलर वाफ करून उडवतो ते नुसतं पाणी. क्षार खालीच राहतात, आणि वरून ओतलेली प्रत्येक बादली त्यांत भर घालते. मे संपेस्तोवर ताट्या खपल्या धरून ताठ होतात, हवा शिरत नाही, आणि कूलर आवाज तेवढा करतो. टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी, हाच उपाय. पण पाणीटंचाईत टाकी मोरीत ओतायची म्हटलं की काकांचा जीव वरखाली होतो.

एका सामन्यात मात्र त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. घरोघर फिरणारा आरओ-विक्रेता ग्लासात दोन धातूच्या कांड्या सोडतो, वीज देतो, बोअरचं पाणी तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं आणि बायाबापड्या घाबरतात. तो रंग बहुतांशी कांडीच्याच लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्यानं वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. काकांनी शांतपणे आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाले, "आता लाव." ग्लास तपकिरी झाला. युक्ती कुठून सुचली, हे त्यांनी सांगितलं नाही. काकू दारातच उभ्या होत्या.

आता मुलगी लंडनला गेली आहे. परदेशात नळाला अमृत येतं, असं काका वर्षानुवर्षं सांगत आले. पहिल्याच महिन्यात तिनं चहाच्या विजेच्या किटलीचा फोटो पाठवला: आत पांढरीफट खपली. थेम्सच्या खोऱ्यात खडू आणि चुनखडी, त्यामुळे लंडनचं पाणी चांगलंच जड. काकांनी उत्तरात जेवणाखाण्याचं काही विचारलं नाही, "टीडीएस किती?" एवढंच लिहिलं. कुरड्या-पापडांच्या पार्सलमध्ये एक नवं मीटर आणि किटलीसाठी लिंबूसताची पुडी जायची आहे. काकूंनी डाळीसाठी सोड्याची पुडीही काढून ठेवली आहे, आणि दोन बिननावाच्या पांढऱ्या पुड्यांबद्दल कस्टमवाल्यांना काय सांगायचं, यावर घरात वाद चालू आहे.