वकीलबाईंना बढती द्या

'देवमाणूस' मालिकेच्या लेखक मंडळींनी हा आष्टा, तालुका वाळवा इथून केलेला अर्ज समजावा. कोर्ट फी स्टॅम्प लावलेला नाही, तेवढं चालवून घ्यावं. मागणी एकच आहे. सरकारी वकील आर्या देशमुख यांना तातडीने न्यायाधीश करावं.

प्रकरण आमच्या जवळचं आहे. वाईजवळच्या धोमचं हत्याकांड 2016 साली उघडकीस आलं, त्यावरून सुचलेली मालिका 2020 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. उसाला पाणी पाजायची रात्रपाळी असलेला माणूससुद्धा साडेदहाचा भाग बघून मगच मोटर चालू करायला बाहेर पडायचा. किरण गायकवाडचा तो खोटा डॉक्टर एकेक बळी पचवत गेला आणि मग कोल्हापूरच्या सोनाली पाटील आर्या देशमुख म्हणून काळा कोट घालून आल्या. गावाला हायसं वाटलं. वर्षभरात मालिका आटोपली. साताऱ्याच्या न्यायालयातल्या मूळ खटल्याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. पण त्याला जाहिरातींची घाई नसते.

बढती कायद्यात बसते का, ही शंका आम्ही आधीच फेडून ठेवली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 233 प्रमाणे वकिलाला थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर किमान सात वर्षं वकिली लागते. सरकारी वकिली त्यात धरायची का, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात 'धरायची' असं सांगून टाकलं. राहता राहिली सात वर्षं. मालिकेत ती एका पाटीची बाब आहे. 'सात वर्षांनंतर' असं लिहायचं, बाईंच्या केसांत एक पांढरी बट सोडायची, झालं. घटना समितीत कुणीतरी मालिका लिहिणारा बसला असावा, असा आमचा दाट संशय आहे.

खरी अडचण पुढे आहे. न्यायाधीश झाल्या झाल्या बाईंपुढे पहिलं प्रकरण कुणाचं येणार? अर्थातच त्या खोट्या डॉक्टरचं, म्हणजे देवीसिंगचं. आणि ज्या खटल्यात आपण वकील होतो, तो न्यायाधीश म्हणून ऐकता येत नाही. म्हणजे बाई खुर्चीत बसणार, पार्श्वसंगीत टिपेला जाणार, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आपटणार आणि बाई शांतपणे म्हणणार, "हे प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे पाठवा." महाएपिसोड खलास. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उतरतात, तेव्हा मराठी परंपरेत सवलत आहे म्हणा. पण ते कोर्ट खोटंच होतं.

दुसरी अडचण हातोड्याची. आपल्या कोर्टात न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नसतो, साक्षीदाराला गीतेवर हातही ठेवायला लावत नाहीत. इस्लामपूरच्या, म्हणजे आता ईश्वरपूरच्या, कोर्टात तारखेला जाऊन आलेला आमच्याकडचा कोणीही हे सांगेल. तिथे पट्टेवाला पुकारा करतो, पंच आलेला नसतो, आलेला असला तर फितूर होतो, साहेब सांगतात तसं लघुलेखक टाइप करतो आणि रोजनाम्यात पुढची तारीख पडते. चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट' चित्रपटात हेच दाखवलं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कलमं रेल्वेच्या उद्घोषणेसारखी वाचते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टीआरपी कुणी मोजला नाही.

आता कोणी विचारेल, आपल्याकडे सरकारी वकिलाला बढती मिळते ती खुर्चीचीच कशावरून? बरोबर आहे. धोमच्याच खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून नेमले गेलेले उज्ज्वल निकम 2025 मध्ये राज्यसभेवर गेले. पण आम्ही बाईंसाठी मागतो आहोत, आणि बाईंचा दाखलाही आहे. विजया ताहिलरामानी मुंबईत सरकारी वकील होत्या, 2001 मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. 2017 मध्ये त्यांनी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी बिल्किस बानो प्रकरणात अकरा जणांची जन्मठेप कायम केली आणि पोलीस व डॉक्टर मिळून सात जणांची सुटका रद्द केली. (भाटकरबाईंचे यजमान रमेश भाटकर म्हणजे दूरदर्शनचे 'हॅलो इन्स्पेक्टर'. एकाच घरात तपास पडद्यावर आणि निकाल खरा!) पुढे ताहिलरामानी मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. तिथे न्यायाधीशांची मंजूर पदं पंचाहत्तर. 2019 मध्ये कॉलेजियमने त्यांना बोटांवर मोजता येतील एवढ्याच न्यायाधीशांच्या मेघालयात पाठवायचं ठरवलं. फेरविचाराची विनंती मान्य झाली नाही, त्यांनी राजीनामा दिला. इतकी कथा तयार असताना आमच्या लेखकांना मात्र विहिरीत ढकलण्याचे नवे प्रकार शोधावे लागतात.

जागेचाही प्रश्न नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा-सांगलीची प्रकरणं तिथेच जातात, म्हणजे पुढच्या बढतीनंतरही बाईंना मुंबईत भाड्याची खोली बघायला नको.

तरी अर्जाचा विचार व्हावा. 'देवमाणूस' 2021 अखेरीस दुसऱ्यांदा आला, जून 2025 मध्ये तिसऱ्यांदा आला. खुन्याला तीन पर्वं मिळाली. न्यायाधीश झालेल्या वकीलबाईंना निदान एक भाग मिळावा, आणि त्या भागात निकाल नाही लागला तरी चालेल, पण पुढची तारीख तेवढी खरी दाखवावी, ही विनंती.