केझिकची कैफियत

मँचेस्टर,
रविवार, ता. 29 डिसेंबर 2024

तीर्थस्वरूप अण्णांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले दिवाळीचे पत्र आणि वहिनींनी पाठविलेला कामट्यांचा आकाशकंदील ही दोन्ही नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे फराळाच्या डब्यातला शेवटचा शंकरपाळाही संपल्यावर, सुखरूप येऊन पोचली. उत्तरास विलंब झाला तो आळसाने नव्हे. गेला महिनाभर आम्ही उभयता ज्या उद्योगात बुडालो होतो त्याची साद्यंत कैफियत सादर केल्यावाचून आपण मला माफी देणार नाही, आणि सारी हयात मामलेदार कचेरीत दुसऱ्यांच्या कैफियती वाचण्यात घालविलेल्या माणसापुढे तपशील गाळण्याची माझी छाती नाही.

केझिकचे घर आपल्या स्मरणात असेलच. (या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक डब्ल्यू आहे, तो उच्चारात कोणी घेत नाही. मी पहिले वर्षभर घेत असे.) येथून मोटारीने सुमारे दोन तासांच्या वाटेवर, डरवेंटवॉटर सरोवराच्या काठी आणि स्किडॉ नावाच्या 931 मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात, पाटीच्या दगडाचे ते दोन खोल्यांचे जुनाट घर आम्ही घेतले, तेव्हा ‘आपल्यालाही सुट्टीत जाता येईल’ असा हिचा युक्तिवाद होता. त्यानंतर आजतागायत प्रत्येक सुट्टीत तेथे तीनचार रात्रींसाठी दुसरेच कोणी उतरलेले असते, आणि आम्ही जातो ते चादरी बदलावयास. किल्ली दारावरच्या आकड्यांच्या डबीत असते. त्यामुळे अतिथी देवासमान असला तरी, देवाप्रमाणेच, तो दृष्टीस कधी पडत नाही.

ज्या दलाल कंपनीमार्फत हे घर भाड्याने जाते तिचे फर्मान नोव्हेंबरात आले, की 23 ते 27 डिसेंबर या मुदतीसाठी पाहुणे ठरले असून घर नाताळास साजेसे शृंगारून त्याची छायाचित्रे त्वरित रुजू करावीत. गौरी-गणपतीची आरास करण्यात आपल्या घराण्याने कोणाची हार घेतलेली नाही. परंतु दुसऱ्याच्या सणाचे मखर, तेही ज्यांची आवडनिवड ठाऊक नाही अशा माणसांसाठी, बांधावयाचे म्हणजे परीक्षकाचे नाव न कळता परीक्षेस बसण्यासारखे होते.

आरंभ झाडापासून झाला. घरात झाड आणून शृंगारण्याची ही चाल इंग्रजांची मूळची नव्हे, जर्मनांची. शार्लट राणीने 1800 साली विंडसर येथे मुलांसाठी एक झाड सजविले होते खरे. पण ती चाल लोकांत शिरली ती 1848 साली व्हिक्टोरिया राणी, आल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी आहेत असे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यानंतर. वाड्यावरची आरास पाहून गावाने आपापल्या घरी मखर बांधावे, हे आपल्या संस्थानी गावांना काही नवे नाही. झाडवाल्याकडे दोन जाती होत्या : नॉर्वे स्प्रूस, स्वस्त आणि सुवासिक, पण घरातल्या उबेने आठवड्याभरात सुया गाळणारी, आणि नॉर्डमन फर, मूळची कॉकेशसची, महाग, परंतु आपला पर्णसंभार धरून ठेवणारी. मी किफायतीच्या बाजूचा होतो. गालिच्यातून सुया वेचण्याचे काम कोणाकडे येईल, एवढेच हिने विचारले, आणि नॉर्डमन मोटारीच्या टपावर चढले.

झाड सहा फुटांचे आणि घराच्या जुन्या तुळया साडेसहा फुटांवर, असा माझा चोख हिशेब होता. त्यात झाडाखालची तिवई आणि शेंड्यावरचा तारा हे दोन गृहस्थ मी धरले नव्हते. चिरंजीवांनी शेंडा छाटण्याचा तोडगा सुचविला; सणाच्या दिवशी कोणाचाही शिरच्छेद आपल्या घरी व्हावयाचा नाही, असे ही म्हणाली; तेव्हा कुऱ्हाड, म्हणजे वस्तुतः शेजाऱ्याची करवत, बुडाशी लागली. पाणी नीट ओढले जावे म्हणून बुंध्याची इंचभर चकती कापावी, असे झाडवाल्याने बजावले होतेच. आम्ही त्याची आज्ञा बारापट पाळली.

याहून बिकट प्रकरण दाराचे. येथे नाताळात दारावर हिरव्या डहाळ्यांचे वाटोळे कडे टांगतात. आता आपल्या डोळ्यांना पाने-फुलांचे वाटोळे कडे एकाच प्रसंगी परिचित आहे. ‘जिवंत माणसे राहावयास येणार त्या दारावर मी पुष्पचक्र वाहू देणार नाही,’ असा हिने निर्वाणीचा खलिता दिला. तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर तह झाला : कडे दारावर राहील, पण चौकटीला वरून तोरण लागेल, आंब्याची पाने या मुलखात कोठून यावीत, म्हणून ते हॉलीच्या काटेरी पानांचे होईल. हे तोरण ओवताना माझ्या बोटांची जी दशा झाली ती पाहून आपणास करुणा आली असती.

आणि अण्णा, बांडगूळ! आपल्या परसातल्या आंब्यावरची बांडगुळे तोडण्यासाठी आपण दरसाल गडी लावून मजुरी मोजीत होता, त्याच भाऊबंदकीतले एक बांडगूळ येथे सफरचंदाच्या झाडांवर वाढते, आणि टेनबरी वेल्स नावाच्या गावी नाताळापूर्वी त्याचा जाहीर लिलाव होतो. लोक ते दाम देऊन घरी आणून दारावर टांगतात, आणि त्याखाली गाठ पडलेल्या स्त्री-पुरुषांनी परस्परांचे चुंबन घ्यावे असा रिवाज आहे. दर चुंबनास त्याचे एक पांढरे फळ खुडावे आणि फळे सरली की व्यवहार बंद, असा जुना दंडक. फळे विषारी असल्याने ती कोणी खात नाही. मी ते दिवाणखान्याच्या दारावर लावले, आणि धाकटी स्टूल धरून उभी होती म्हणून दुसरीकडे पाहत उतरलो.

फराळाची बाब हिने कोणास विचारली नाही. येथील मिन्सपायमध्ये नाव खिम्याचे आणि आत मनुका-बेदाणे असतात, पण पुष्कळदा त्यांत गाईची चरबीही असते, हे कळल्यावर हिने तेच मनुका-बेदाणे आणि सुके खोबरे भरून एकवीस करंज्या तळून ठेवल्या. मेणबत्त्या विमापत्राने निषिद्ध असल्याने पणत्यांचा प्रश्न मिटला. दारातल्या दिव्याची काच गेल्याच वादळात फुटली होती. तेथे, चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळणाऱ्या त्या गावी काहीतरी हवे म्हणून, वहिनींचा कंदील लटकविला. ही काही आरास नव्हे, दुरुस्ती होती.

27 तारखेस दुपारी आम्ही चादरी बदलावयास गेलो. दिवाणखान्यात झाड नव्हते! ते मागच्या अंगणात, पाण्याच्या बादलीत, दिगंबर उभे होते. गोळे, माळा, तारा, पुष्पचक्र, तोरण, सारे खोक्यांत नीट भरून प्रत्येक खोक्यावर शिसपेन्सिलीने यादी लिहिलेली. पेन्सिलीबद्दल केझिकचे नाव आहेच, त्याला शोभेल असे अक्षर. मेजावर चिठ्ठी होती. पाहुणे म्हणजे सत्तरीतले एक जोडपे. मुले-नातवंडे, बाजार आणि दिव्यांचा झगमगाट यांपासून पळून दरवर्षी कोठेतरी चार दिवस नाताळ चुकवितात. आमचे श्रम पाहून संकोच वाटला, पण राहवेना, क्षमा असावी. सहा जानेवारीच्या आत आरास न उतरविणे येथे अशुभ मानतात, तेव्हा आमचे एक काम तरी त्यांनी उरकले होते. दारातला तो सुंदर नेहमीचा दिवा मात्र रात्रभर जळत ठेवला, तो कोठे मिळतो, अशी पृच्छा होती. करंजी एकही उरली नव्हती. कंपनीकडे त्यांनी पाचांपैकी पाच तारे दिले आहेत, शेरा : ‘घर अत्यंत साधे.’

बांडगूळ तेवढे खोक्यात नव्हते. ते दिवाणखान्याच्या दारावरून उतरून स्वयंपाकघराच्या दारावर गेले होते, आणि त्याबद्दल चिठ्ठीत चकार शब्द नव्हता. हिने स्टुलावर चढून फळे मोजली. किती कमी भरली, हे थोरल्या बंधूंस लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही.

वहिनींना साष्टांग नमस्कार. त्यांनी आणखी दोन कंदील करावेत, एक त्या जोडप्यास धाडावयाचा आहे; मात्र ते गणपतीतच टपालात पडावेत. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा