जांभळ्या तारेची चावडी

ज्या काळी कारखान्यातील प्रत्येक बातमीला स्वतःची स्वतंत्र तार असे, म्हणजे मोटार सुरू झाल्याची वार्ता एका तारेने यावयाची, ती बंद पडल्याची दुसऱ्या तारेने, आणि ती जळाल्याची मात्र तिसऱ्या तारेच्याही आधी नाकाने यावयाची, त्या काळात माझी उमेदवारी झाली. त्यामुळे कृष्णाकाठच्या ज्या सहकारी साखर कारखान्याचे मीठ, अथवा वस्तुस्थितीस धरून सांगावयाचे तर साखर, मी इतकी वर्षे खाल्ली, त्याच्या संचालक मंडळाने सातही पॅनेल एकाच जांभळ्या केबलने जोडण्याचा ठराव एकमताने मंजूर केला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आमचे जुने वायरमन, ज्यांना सारा कारखाना मामा म्हणतो आणि ज्यांची टेस्ट लॅम्पवर मारुतीच्या खालोखाल श्रद्धा आहे, त्यांनी केबलचे टोक सोलले, आतली एक हिरवी व एक तांबडी अशा दोनच तारा पाहिल्या आणि उरलेल्या शोधण्यासाठी आणखी वीतभर सोलले. मग म्हणाले, "सायेब, ह्या दोन तारांतनं समदा कारखाना बोलणार? आमच्या घरात सात माणसं हायती. एकदम बोलाय लागली तर कुणाचं कुणाला कळत न्हाई."

मामांचा आक्षेप रास्त होता. परंतु जर्मनीत १९८७ साली काही कंपन्या आणि संस्था एकत्र येऊन ज्या खटाटोपास लागल्या व ज्यातून ही प्रोफिबस नामक व्यवस्था जन्मास आली, त्या मंडळींनी मामांच्या घरातील परिस्थितीचा जणू आधीच विचार करून ठेवला होता. ही व्यवस्था म्हणजे एक चावडी आहे. तिथे मास्टर हा पाटील. तो क्रमांकवार एकेकाचा पुकारा करतो, ज्याचा पुकारा झाला त्याने, आणि त्यानेच, आपली खबर रुजू करावी, नवा हुकूम पदरात घ्यावा आणि पुन्हा पाळी येईपर्यंत मौन धरावे. ठरल्या मुदतीत उत्तर न देणारा गैरहजर समजला जातो. आणि उलटपक्षी पाटीलच बोलेनासा झाला, तर प्रत्येक जण काही काळ वाट पाहून आपण होऊन हातातले काम खाली ठेवतो. हा शेवटचा नियम आमच्या कचेरीवरून उचलला असावा, अशी मला दाट शंका आहे.

पुकारा व्हावयाचा तर प्रत्येकास क्रमांक हवा. तो यंत्राच्या अंगावरील दोन इवल्या चकत्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून द्यावयाचा असतो, आणि माझ्या हातून मिल व बॉयलिंग हाउस या दोघांनाही सातच क्रमांक दिला गेल्यामुळे पहिल्या दिवशी एका हाकेला दोघे "हजर" म्हणून ओरडले व पाटील गोंधळला. चूक दुरुस्त केली, तरी यंत्र ऐकेना. कारण नवा क्रमांक त्यास मान्य व्हावयाचा तर एकदा वीज काढून पुन्हा द्यावी लागते, म्हणजे पुनर्जन्मावाचून नामांतर नाही. शिवाय प्रत्येक यंत्राची एक जन्मपत्रिका असते, जीएसडी फाइल म्हणतात तिला; ती मास्टरच्या दप्तरी दाखल करावी लागते, आणि पत्रिका एकाची व प्रत्यक्ष उभा दुसराच असे आढळले, तर मास्टर संबंध मोडून टाकतो. या बाबतीत जर्मन लोक आमच्या पंचक्रोशीतील वरपित्यांहून फारसे निराळे नाहीत.

तांबडी तार कोणत्या खुंटीस लावावी हे मामांच्या ध्यानात राहीना. तांबड्यास जर्मन भाषेत 'रोट' म्हणतात; त्यामागे खुंटीचे अक्षर 'बी' लावले की 'ब्रोट' होते, म्हणजे भाकरी. हे सांगताच मामा म्हणाले, "आमच्यात नुसता रोट म्हटलं तरी भाकरीच की. मारुतीला करतोय न्हवं?" त्यानंतर ती तार कधीही चुकली नाही.

(जगात अशी एकच सर्वमान्य पद्धत असावी म्हणून आंतरराष्ट्रीय समितीत वर्षानुवर्षे भांडण चालले होते. अखेरीस आयईसी ६११५८ या मानकात परस्परांशी न जुळणाऱ्या आठ पद्धती एकदमच ग्राह्य धरून सर्वांची बोळवण करण्यात आली. आमच्या कारखान्याच्या निवडणुकीत ही सोय असती, तर कितीतरी भाऊबंदांचे बोलणे आज चालू राहिले असते.)

आता मुख्य हकिगतीकडे येतो. तारेतून धाडलेला संदेश टोकास आदळला की विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून त्याची नासाडी करतो. म्हणून मार्गाच्या दोन्ही टोकांस, आणि केवळ टोकांसच, २२० ओहमचा रोध बसवून ती हाक तेथेच जिरवावी लागते. ही सोय प्रत्येक जोडणीच्या डोक्यातच केलेली असून एक नखाएवढी खिटी सरकवली की काम होते. मात्र खिटी लावताच पुढे जाणारी तार आतल्या आत तुटते. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले होते, आणि दुर्दैवाने ते मी वाचलेलेही होते.

पॅनेल दोन खेपांत आली. पहिल्या चारांत गव्हाणीजवळचे शेवटचे. ती चारही उत्तम बोलली. पंधरा दिवसांनी बॉयलर, टर्बाइन व पंपहाउस यांची तीन आली, ती पुढे जोडली, आणि तिन्हींवर लाल दिवा लागला तो विझेना. अग्निप्रदीपनाची तिथी तोंडावर आलेली. मी प्रथम केबलवरील जाळीचे अर्थिंग तपासले. मग मोटारीच्या केबली त्याच ट्रेमधून नेल्याबद्दल कंत्राटदारास फैलावर घेतले व त्या हलवावयास लावल्या. मार्ग ३४० मीटरांचा. सेकंदास पंधरा लक्ष बिटांच्या वेगास दोनशे मीटरांचीच मर्यादा असल्यामुळे मी आरंभीच पाच लक्षांचा वेग मुक्रर केला होता, तो आता ९३,७५० पर्यंत उतरविला, ज्या वेगाने बाराशे मीटरांवरही निर्वेध बोलता येते. परिणाम एवढाच झाला की ती तिन्ही पॅनेल अधिक संथपणे गैरहजर राहू लागली. शेवटी जोडण्या यंत्रांतून उपसून कंट्रोल रूममध्ये मीटर लावला. काटेकोर ११० ओहम! दोन टोकांचे दोन रोध समांतर असता जेवढे यावयास हवेत, नेमके तेवढेच. केबल निर्दोष असल्याचा निकाल मी तेथेच दिला आणि पॅनेल बनविणारांस एक खरमरीत पत्र लिहावयास बसलो.

ते पत्र तिसऱ्या परिच्छेदात असताना मामा आले. तारेवर बोट ठेवून, पांदीतून चुकलेले वासरू हुडकावे तसे, ते सारा मार्ग चालत गेले होते.

"सायेब, गव्हाणीपाशी वाट फुडं जातीया. मग तितं शेवट कुणी लावलाय?"

आम्ही गेलो. चौथ्या पॅनेलच्या जोडणीवरील खिटी लावलेलीच होती. मीटरने मोजलेला दुसरा रोध हाच. त्यापलीकडची तीन पॅनेल, पाटलाची हाक वेशीवरच अडविली गेल्यामुळे, पाच दिवस बिचारी निमूट बसून होती. दाराच्या आतल्या अंगास एक चिठ्ठी डकवलेली होती: 'टर्मिनेशन लावले. तपासले.' खाली तारीख आणि सही. सही इतकी सुवाच्य होती, की ती दुसऱ्या कोणाची म्हणण्यास जागा उरली नव्हती. मामांनी ती वाचली, घसा खाकरला, आणि खिटी सरकवण्याचा मान मलाच दिला.

तीनही दिवे विझले. पत्र मी फाडले. मामांनी मात्र त्याच दुपारी ऑइलपेंट आणून चौथ्या पॅनेलच्या दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'हा शेवट नव्हे'.

गव्हाणीत मोळी टाकून झाल्यावर, गुलाल अंगावर घेतलेले चेअरमनसाहेब मंडळींसह त्या पॅनेलसमोरून जाताना एकाएकी थबकले. त्यांनी ते तीन शब्द दोनदा वाचले, पायांतल्या वहाणा काढल्या, डोळे मिटून हात जोडले आणि गहिवरल्या स्वरात विचारले, "कुणाचं हो हे वचन?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखविले. आणि मी काही खुलासा करण्यापूर्वीच चेअरमनसाहेबांनी हातातली नारळाची वाटी माझ्या ओंजळीत ठेवली.