काळजीवाहू साहेब

कर्मचाऱ्यांची काळजी वाहणारे साहेब हल्ली उदंड झालेत. दुपारी प्राणायाम, भिंतीवर ‘आपण एक कुटुंब’ आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सकाळपर्यंत हवंय’. पुढे हसरा चेहरा, म्हणजे आपुलकीही पोचली. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक नोकरदारांची माहिती तपासून २०२४ मध्ये दाखवलं, की ध्यानाची अ‍ॅप्स आणि ताणमुक्तीचे वर्ग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा काही सुखी नव्हते. मुळात त्रासलेलेच अशा वर्गांना जातात, असं कुणी म्हणेल. असेलही; पण मग त्यांना त्रास कशाचा, हे कोणत्या वर्गात विचारायचं?

धंद्याला मुदती असतात, हे खरंच. त्या फ्रान्समध्येही असतात. तरी तिथे २०१७ पासून पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत फोन बंद ठेवण्याच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये दुकानं-आस्थापनांतली रोजची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. प्राणायामाची सोय झाली म्हणायची! साहेब, योगशिक्षक राहू द्या. कचेरीत वर्षभर रिकामी असलेली नोकरीची जागा आधी भरा.