‘हीच खरी अंतिम’ फाइलीच्या जनकांस

प्रति,
संस्थेच्या सामाईक डिस्कचे भाग्यविधाते,



आपल्या दातृत्वाला तोड नाही. वार्षिक संमेलनाचा एक व्हिडिओ आपण ‘२०२३’मध्ये ठेवलात, ‘संमेलने’मध्ये ठेवलात, ‘अध्यक्षीय भाषणे’मध्ये ठेवलात आणि कुणी रुसायला नको म्हणून डेस्कटॉपवरही. चार जीबीच्या फाइलीने सोळा जीबी अडवले. वर ‘डिस्क पुरत नाही, मोठी मागवा’ हा अर्जही आपलाच.

फाइल चारही ठिकाणी सापडावी, ही इच्छा रास्तच आहे हो. पण त्याची सोय १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येच आहे: ‘एलएन’ ही दोन अक्षरी आज्ञा. आपला सर्व्हर लिनक्सवर चालतो, तिथे फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. मजकूर कुठे आहे याची नोंद आयनोडमध्ये असते. फोल्डरात असतात फक्त नावं आणि आयनोडचे क्रमांक. ‘एलएन’ने हार्ड लिंक केली की त्याच आयनोडला आणखी एक नाव मिळतं. पोरगा घरी बाळू, शाळेत बाळकृष्ण. आपण मात्र नाव दुसरं म्हटलं की पोरगाही दुसरा जन्माला घालता. एक नाव पुसलं तरी फाइल राहते. शेवटचं नाव गेलं, की मगच जागा मोकळी होते.

हार्ड लिंक फोल्डरची होत नाही, एका डिस्कवरून दुसरीवर जात नाही. त्यासाठी सिमलिंक आहे, १९८३च्या ४.२ बीएसडीपासून. तिच्यात नुसता मूळ फाइलीचा पत्ता असतो. मूळ फाइल हलवलीत तर लिंक अधांतरी, आणि हलवाहलव हा तर आपला छंद.

आपला लिंकांवरचा राग मला ठाऊक आहे. मागे आपण विंडोजचा शॉर्टकट पेनड्राइव्हवर टाकून सभेला नेलात, पडद्यावर काहीच उमटलं नाही, आणि तेव्हापासून सगळ्या लिंकांवर सूड उगवणं सुरू झालं. शॉर्टकट ही एक वेगळीच छोटी फाइल असते, साहेब. खऱ्या लिंकसाठी विंडोजमध्येही व्हिस्टापासून ‘एमकेलिंक’ आहे.

जागेचं मी एक वेळ सोडून देईन. पण सभासदांच्या यादीत पत्ते दुरुस्त झाले एका प्रतीत आणि आमंत्रणं छापली दुसऱ्या प्रतीवरून! ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘हीच खरी अंतिम’ यांतली खरी कोणती, हे आपल्यालाही सांगता आलं नाही.

आता उत्साहाच्या भरात हार्ड लिंकलाच बॅकअप समजू नका. एका नावाने मजकूर बिघडवलात तर सगळ्या नावांनी बिघडलेलाच दिसेल. शिवाय काही प्रोग्राम सेव्ह करताना नवीच फाइल लिहून जुन्या नावावर बसवतात, आणि लिंक गुपचूप तुटते. म्हणून न बदलणारे फोटो-व्हिडिओ हार्ड लिंकने ठेवावेत, रोज हात लागणाऱ्या याद्यांना सिमलिंक करावी.

तेव्हा पुढच्या वेळी कंट्रोल-सी दाबण्याआधी मला हाक मारा. आणि कृपा करून आहेत त्या प्रती स्वतः पुसायला बसू नका. कोणत्या प्रतीत कोणती दुरुस्ती आहे, ते आधी ताडून पाहावं लागणार आहे.

आपला,
सर्व्हर सांभाळणारा